शूऽऽकाकांची नवी सिस्टीम

कुणाच्याही घरी जाताना आपण चपला काढतो. शूऽऽकाकांच्या घरी जाताना आम्ही बांगड्याही काढायचो. दाराशेजारच्या स्टुलावर एक प्लॅस्टिकचा डबा ठेवलेला असे. बांगड्या, किल्ल्यांचे जुडगे, खिशातली चिल्लर, पोरींची पैंजणं, सगळं त्यात टाकायचं आणि मगच आत पाऊल ठेवायचं. तरीही कुणाच्या तरी साडीची सळसळ व्हायचीच. मग काका कानावरचा हेडफोन जरा सरकवून, ओठांवर बोट ठेवून एक लांबलचक 'शूऽऽ' करायचे. ते 'शूऽऽ' त्या सळसळीपेक्षा मोठं असे, पण हे त्यांना सांगायची हिंमत आमच्या कॉलनीत कुणाची नव्हती.

काका पाटबंधारे खात्यात होते. निम्मी नोकरी मुळा धरणाच्या कालव्यांवर काढून ते नगरला बदलून आले आणि सावेडीत आमच्या वरच्या मजल्यावर राहू लागले. मागच्या खोलीत त्यांनी आपला घरगुती स्टुडिओ थाटला होता. भिंतींना गोधड्या, खिडकीला उभी केलेली गादी, दाराला घोंगडी. जयंती जवळ आली की भीमगीतं म्हणणाऱ्या गायन पार्ट्या तालुक्या-तालुक्यांतून तिथे यायच्या आणि घामाघूम होऊन कॅसेट भरून घेऊन जायच्या. मी शाळेत संगीत शिकवते, त्यामुळे पेटी वाजवायला वरून मला हमखास बोलावणं यायचं. गॅलरीत लाल टॉवेल टांगला की रेकॉर्डिंग चालू, अशी खूण होती. टॉवेल दिसला की भाजीवाला ओरडणं थांबवून नुसती घंटी हलवायचा, तर काका खाली येऊन ती घंटीही धरायचे. माझ्या कुकरच्या शिट्टीने एकदा एका पार्टीचा आख्खा अंतरा वाया गेला, तेव्हापासून मी वरण पातेल्यात शिजवू लागले.

एरवी काका ऑफिसातलं सरळ मराठी बोलत. जीव टांगणीला लागला की मात्र त्यांची भाषा थेट राहुरीकडच्या त्यांच्या गावी पोचायची. ज्या महिन्याबद्दल मी सांगते आहे, त्या महिन्यात ती तिथेच मुक्कामाला होती.

झालं असं, की शकूकाकूंच्या गळ्याला गाठ आली. शकूकाकू म्हणजे काकांच्या पत्नी. लग्नाआधी त्या भावाच्या गायन पार्टीत मुख्य गायिका होत्या. उंच, थोडा खरखरीत, बिनमाइकचा गावभर जाणारा आवाज. त्यांनी स्वतः रचलेलं एक गाणं होतं. सकाळी लेकीला शाळेत धाडणाऱ्या आईचं. रचलं होतं डोक्यातच, कागदावर कधी आलं नाही. काकांनी साऱ्या जिल्ह्याचे आवाज भरून ठेवले, पण बायकोचं गाणं कधी भरलं नाही. विचारलं की म्हणत, "घरचंच तर आहे, कधीही करू." पुण्याच्या डॉक्टरांनी गाठ काढायला लागेल म्हणून सांगितलं आणि वर हेही सांगितलं, की आवाजाची शीर अगदी लगत आहे, जीवाला धोका नाही, गळ्याचं मात्र खात्रीने सांगता येत नाही. ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत ठरलं. म्हणजे 'कधीही' संपून हातात एक महिना उरला.

त्यातही काकूंचा गळा आधीच दमू लागला होता. सकाळी उठल्यावर थोडा वेळ मोकळा असायचा, मग बसायचा. सलग आख्खं गाणं म्हणणं त्यांना जड जात होतं. काकांनी त्याच वर्षी कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर साधं रेकॉर्डिंग बरं चाललं होतं. पण कॉम्प्युटर क्लासच्या मालकाने त्यांच्या डोक्यात भरवून दिलं, की नवी सिस्टीम आली आहे, तिच्यात आधी पेटी-ढोलकी भरून ठेवायची, मग ती ऐकत ऐकत काकूंनी एक एक ओळ म्हणायची. दमलं की थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुढची ओळ. नंतर सगळं जोडून घ्यायचं. काकांचे डोळे चमकले. एक एक ओळ तर काकू नक्कीच म्हणू शकल्या असत्या.

आता कुणीही शहाणा माणूस नवी सिस्टीम टाकताना जुनी कुठेतरी जपून ठेवील. काकांनी सगळी डिस्क पुसून कोरी केली. मी म्हटलं, "काका, जुनी राहू द्यायची होती, अडलं तर?" तर ते ताडकन म्हणाले, "मॅडम, आमच्या वडलांनी दीक्षा घेतली त्या दिवशी देव्हाऱ्यातले सगळे देव नदीत सोडले. शेजारच्या एकानं खंडोबाचा टाक तेवढा कणगीत लपवून ठेवला हुता, अडलं तर म्हणून. त्याला आयुष्यभर ना धड हे जमलं ना ते. एक पाय जुन्यात ठेवला की दुसरा नव्यात टिकत न्हाई." त्याच हिशेबाने त्यांनी आपलं जुनं टेप मशीनही बाजारातल्या एका कॅसेटवाल्याला विकून टाकलं होतं. त्यांच्या वडिलांचं बरोबरच होतं. पण देव नदीत सोडल्यावर वडिलांना कुणी 'ड्रायव्हर सापडत नाही' अशी पाटी दाखवली नव्हती.

काकांना ती दाखवली गेली, पहिल्याच दिवशी. आवाज आत घेणारं साऊंड कार्ड जुन्या सिस्टीमचं, सिस्टीम नवी, आणि ड्रायव्हर नावाचा मध्यस्थ प्रोग्रॅम नसल्याने दोघांची ओळखच होईना. काका आवाज भरायला बसले तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर इंग्रजीत एक चौकट यायची आणि खाली एकच बटण, ओके. "ह्याला काय ओके म्हणू मी?" काका कळवळून विचारायचे. "हितं काय ओके हाय?" क्लासचा मालक स्कूटरवरून यायचा, फ्लॉपी घालायचा, डोकं खाजवायचा आणि उद्या येतो म्हणून जायचा. त्याचा उद्या उगवायला कधी तीन दिवस लागायचे. काकू सकाळी उठून कोमट पाणी पिऊन, केस विंचरून खोलीत येऊन बसायच्या आणि मोकळा गळा घेऊन तशाच उठून स्वयंपाकाला जायच्या. त्या उठताना काका त्यांच्याकडे बघायचे नाहीत.

कशीबशी ती ओळख पटली, तर दुसरं संकट. ज्या माणसाने कॉलनीतल्या पैंजणांना बंदी घातली, त्याच्या घरात आता यंत्रच आवाज करू लागलं. चालू होताना ते एक सूर वाजवायचं, बंद होताना दुसरा. मध्येच काही बिनसलं की 'टुंग' करायचं. काकूंनी पहिली ओळ सुंदर उचलली आणि नेमकं 'टुंग' झालं. काकांनी सवयीने पडद्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ!" मला हसू फुटलं. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी गळ्यावर हात ठेवला होता.

मग कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा ऐकू येतो म्हणून काकांनी सीपीयूवर गोधडी पांघरली. तो आतल्या आत तापला आणि ढोलकीचं भरलेलं सगळं काम घेऊन बंद पडला. ती ढोलकी वाजवणारे पोपटमामा पुन्हा आले. हे काकूंचे भाऊ, एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, ढोलकीला त्यांच्यासारखा हात नाही. त्यांनी ड्युटी बदलून घेऊन पुन्हा ढोलकी भरली, मी पेटी भरली. आता काकूंनी हेडफोन लावून गायचं होतं. त्या गायल्या, जीव लावून गायल्या. आणि जोडून ऐकलं तर आवाज ढोलकीच्या मागे. अर्ध्या मात्रेने मागे, प्रत्येक ओळीत, आणि दर वेळी वेगळा मागे. जिने तालात कधी चूक केली नाही, ती बाई त्या यंत्रातून बेताल ऐकू येत होती.

"हिचा दोष न्हाई," काका कपाळाला हात लावून म्हणाले. "कालव्यात वर पाणी सोडलं तरी पार टोकाला, टेलला पोचायला वेळ लागतो. आवाज आत जाऊन भायेर येईस्तवर उशीर हुतोय."

"मग ह्या पाटाचं काय करायचं?" पोपटमामांनी विचारलं.

"ते मला म्हाईत असतं तर मी तुला ढोलकी दोनदा बडवायला लावली असती का?"

त्या दिवसांत त्या घरात जाणं मला नको व्हायचं. दोघं एकमेकांशी अगदी हळू बोलत. काकूंनी भाजीत मीठ जास्त घातलं तर काका काही न बोलता जेवत आणि काकांनी चहा सांडला तर काकू काही न बोलता पुसत. असली शांतता भांडणापेक्षा वाईट असते. ऑपरेशनचा आठवडा आला तेव्हा मी न राहवून म्हटलं, "काका, त्या कॅसेटवाल्याकडून तुमचं मशीन दोन दिवसांसाठी मागून आणा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना नदीत उतरून देव शोधायला सांगत होते. "इकलेलं मशीन मागायला त्याच्या दारात जाऊ? न्हाई. हुईल हेच. मालक उद्या येतो म्हणलाय."

मालक आला नाही. पुण्याला निघायच्या आदल्या सकाळी काकाच जिना उतरून माझ्या दारात आले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. "मॅडम, शाळेतला टेप मिळंल का हो?" त्या माणसाला हे विचारणं किती जड गेलं असेल ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण शाळेला सुट्टी लागली होती, टेप कपाटात आणि किल्ली शिपायाबरोबर त्याच्या गावी. मी तसं सांगितलं. ते नुसते "बरं" म्हणाले आणि कठड्याला धरून वर गेले. मी त्यांच्या मागोमाग गेले.

खोलीत काकू आधीच बसल्या होत्या. पोपटमामा ढोलकी गुडघ्याखाली घेऊन तयार. काकू म्हणाल्या, "आवं, तुकडं नगं आता. मॅडम पेटी धरतील, पोपट ढोलकी धरंल, मी एकदाच सगळं म्हणते. तुमचं ते यंत्र घेईल तर घेईल."

"आगं, तुला सलग जमायचं न्हाई. चार दिवस थोडं थोडं—"

"चार दिवस हायेत का?" काकूंनी विचारलं. "गळा आत्ता मोकळा हाय. मागनं ऱ्हाणार न्हाई. लावा."

काकांनी लाल टॉवेल टांगला. खोलीतला पंखा बंद केला. यंत्राला 'टुंग' करता येऊ नये म्हणून त्याच्या स्पीकरची वायरच उपटून टाकली. मग हेडफोन लावून बसले आणि मान हलवली. मी सूर दिला.

काकू गायल्या. आवाज जरा भरून आलेला होता, वरच्या जागी तर कापतच होता, पण तो त्यांचाच होता. पहिला अंतरा झाला, दुसरा झाला. मी पेटीवरून पडद्याकडे बघत होते. तिसऱ्या अंतऱ्याला त्या वरच्या ओळीवर चढल्या, "लेक माझी शाळंलाऽऽ", आणि पडद्यावर ते वाळूचं घड्याळ उभं राहिलं. महिनाभर आम्ही त्याला ओळखत होतो. ते आलं की यंत्र अडकायचं, आणि अडकलं की दहातल्या नऊ वेळा बंद करण्यावाचून गत नसायची. काकांनी ते पाहिलं. त्यांचा हात वर उचलला गेला. आयुष्यभर त्यांनी त्या हाताने लोकांना थांबवलं होतं, साडीच्या सळसळीसाठी, खोकल्यासाठी, चिमणीसाठी. काकू डोळे मिटून गात होत्या. काकांनी तो हात हळूच खाली घेतला आणि मांडीवर दाबून धरला. गाणं चालू राहिलं. पोपटमामांच्या कपाळावरून घाम ढोलकीच्या पुडीवर पडत होता, आणि ते घड्याळ आलं तसं नाहीसं झालं. काकूंनी गाणं शेवटपर्यंत नेलं.

काकांनी लगेच ऐकून पाहिलं. गाणं होतं, सगळं होतं. फक्त त्या ओळीत, "शाळंलाऽऽ" आणि "निघाली" यांच्या मध्ये, एक मात्राभर काहीच नव्हतं. पेटी नाही, ढोलकी नाही, काकू नाहीत. जणू कुणी सुरीने कापून काढलं. मग सगळं पुन्हा सुरू. "एवढी एक वळ पुन्ना म्हण शकू," काका म्हणाले, "एवढीच." काकूंनी तोंड उघडलं तर खरखरीपलीकडे काही आलं नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला, मग हातानेच नाही म्हणून सांगितलं. काका उठले, चपला घातल्या आणि त्याच कॅसेटवाल्याच्या दारात गेले. विकलेलं मशीन दुपारी रिक्षातून परत आलं, दोन तासांसाठी. गाणं कॅसेटवर उतरलं. बरं झालं, कारण पुण्याहून परत आल्यावर ती फाईल त्या यंत्राने पुन्हा कधी उघडून दिली नाही.

काकूंची गाठ साधी निघाली. जीव सुखरूप राहिला, गळा मात्र गेला. बोलणं पुटपुटण्याएवढं राहिलं, गाणं संपलं. काका ती कॅसेट आल्यागेल्याला ऐकवायचे. आणि 'शाळंला' जवळ आलं की ते मोठ्याने खोकायचे, दर वेळी, बरोबर त्या मात्रेवर. ज्यांनी दुसऱ्याचा खोकला कधी सहन केला नाही, ते काका तेवढं भोक आपल्या खोकल्याने बुजवत होते. मी एकदा म्हटलं, "काका, कुणाच्या लक्षातही येत नाही हो." ते म्हणाले, "माझ्या येतं ना. जुनी सिस्टीम ठेवली असती तर हे झालं नसतं." मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. इतकं चांगलं गाणं हाती असून त्या माणसाला त्यातली एक मात्राच ऐकू येत होती.

काका आता नाहीत, काकूही त्यांच्या मागोमाग गेल्या. त्यांची आठवण निघाली की मला त्यांचं बोट किंवा तो बांगड्यांचा डबा आठवत नाही. मला आठवते ती जयंती. ऑपरेशनला दीड-दोन वर्षं झाली असतील. पोपटमामांनी काकांना न विचारता त्या कॅसेटच्या नकला काढल्या होत्या. डेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी त्या गावोगाव पोचवल्या, नकलांच्या नकला झाल्या. राहुरीकडच्या एका गावाने काकूंचा सत्कार ठेवला. आम्ही तिघं एस.टी.ने गेलो. मंडपात पांढऱ्या साड्या नेसलेल्या शाळकरी मुलींची पार्टी उभी राहिली आणि त्यांनी काकूंचंच गाणं उचललं.

काकूंनी माझा हात धरला. तिसरा अंतरा आला तेव्हा काका खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी खोकायला छाती भरून घेतली, हे मी शेजारून पाहिलं. "लेक माझी शाळंलाऽऽ", मुली एकदम थांबल्या. पेटीवाल्या मुलीने बोटं उचलली. ढोलकीवालीने तळहात पुडीवर दाबून धरला. आख्खा मंडप एक मात्राभर स्तब्ध झाला. मग सगळ्या एका दमात "निघाली!" आणि टाळ्यांनी पत्रे दणाणले. काकांचा खोकला घशातच राहिला.

गाणं संपल्यावर काका उठून थेट त्या मुलींकडे गेले. मला वाटलं, आता हे चूक दाखवणार. पुढच्या मुलीला त्यांनी विचारलं, "तिथं का थांबलात गं तुमी?"

ती बावरली. "काकूंनी तसंच म्हणलंय की, कॅशेटीत." मग काकांचा चेहरा बघून घाईघाईने म्हणाली, "आमच्या बाईंनी सांगितलं, लेक घराभायेर पडायच्या आदी मायचा पाय जरा अडतोच. म्हणून काकू तिथं थांबल्यात. आमचं चुकलं का?"

काकांनी मागे वळून काकूंकडे पाहिलं. काकू तिथूनच, आवाज पोचणार नाही म्हणून, मान हलवत होत्या. नाही, नाही.

"न्हाई पोरी," काका म्हणाले. "बराबर हाय. लई बराबर हाय."

परतीच्या एस.टी.त काका खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि उघड उघड रडत होते. काकूंनी पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं. बस भरलेली होती, पोरं ओरडत होती, खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या, आणि काकांनी कुणालाही गप्प केलं नाही.